रागाला ड्युटी चार्टमध्ये जागा द्या: मनोविकार वॉर्ड चालवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मनोविकार वॉर्डांचे अधीक्षक, विभागप्रमुख, मेट्रन आणि ड्युटी चार्ट आखणारे सर्व इन्चार्ज यांस,

विषय: व्यक्तिमत्त्व विकाराच्या पेशंटची शुश्रूषा करणाऱ्या सिस्टर-ब्रदरांसाठी कामाच्या वेळेत दर आठवड्याला मोकळेपणाने बोलण्यासाठी एक तास राखून ठेवण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मागणी विषयाच्या ओळीतच लिहून टाकली आहे. ज्यांना पुढचं वाचायला सवड नाही त्यांच्यापर्यंतही ती पोचावी, म्हणून. बाकीच्यांसाठी आता कारणं.

आमच्या वॉर्डात सगळ्या तऱ्हेचे पेशंट असतात. कुणाला आवाज ऐकू येतात, कुणी उन्मादात रात्र रात्र झोपत नाही, कुणी नैराश्यात बोलणंच सोडलेलं असतं. त्यांच्या शुश्रूषेत कष्ट आहेत, धोकाही आहे. पण स्किझोफ्रेनियाचा पेशंट अंगावर धावून आला, वाट्टेल ते बोलला, तरी अगदी नवी सिस्टरसुद्धा संध्याकाळपर्यंत ते सोडून देते. आजार बोलतोय, हे तिला कुणी समजावून सांगावं लागत नाही. व्यक्तिमत्त्व विकाराच्या, म्हणजे ज्याची वागण्याची आणि नाती जोडण्याची पद्धतच वर्षानुवर्षं त्रासाची झालेली असते अशा पेशंटच्या बाबतीत तसं होत नाही. तो भानावर असतो. तारीख-वार अचूक सांगतो. बोलणं सुसंगत असतं, कधी कधी फार हुशारीचं असतं. आणि समोरच्या माणसाची दुखरी जागा त्याला आठवड्याभरात सापडलेली असते. "तुमची स्वतःची मुलगी तुमच्याशी बोलत नाही, मला काय समजून घेणार तुम्ही?" असं पूर्ण शुद्धीतल्या माणसाने डोळ्यांत बघून म्हटलं, की ते आजाराच्या खात्यावर जमा होत नाही. ते सिस्टर घरी घेऊन जाते.

बाकीचं बरंच काही या एका फरकातून निघतं. जे मुद्दाम केलंय असं वाटतं त्याचा राग येतो; जे हातात नव्हतं असं वाटतं त्याची कणव येते. हा काही नर्सांच्या स्वभावाचा दोष नाही. १९८८ साली लुईस आणि ॲपलबी या ब्रिटिश संशोधकांनी मनोविकारतज्ज्ञांना एका पेशंटचं वर्णन वाचायला दिलं. वर्णन सगळ्यांना जवळपास तेच. काहींच्या कागदावर एवढीच भर होती, की या पेशंटला पूर्वी व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान झालेलं आहे. त्या एका ओळीने पेशंट जास्त त्रासदायक ठरला, लक्ष वेधून घेणारा ठरला, सहानुभूतीला कमी लायक ठरला. हे डॉक्टर होते, अनुभवी होते. पुढच्याच वर्षी कॅनडात रूथ गॅलप आणि सहकाऱ्यांनी नर्सांकडून काल्पनिक पेशंटच्या वाक्यांना उत्तरं लिहून घेतली. पेशंट स्किझोफ्रेनियाचा आहे असं सांगितलं तेव्हा उत्तरांत आपुलकी जास्त होती. बॉर्डरलाइन, म्हणजे भावना आणि नाती फार अस्थिर असलेला व्यक्तिमत्त्व विकार म्हटलं, की खोडून काढणारी, कमी लेखणारी उत्तरं वाढली. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणाने, म्हणजे जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ने, प्रकारांच्या जुन्या पाट्या बहुतेक काढून टाकल्या आणि विकार सौम्य, मध्यम की तीव्र एवढं पाहायला सांगितलं. कागदावर हे चांगलंच झालं. पण दुपारी पाळी बदलताना, हँडओव्हरला, अशा पेशंटचं नाव घेतल्यावर जो सुस्कारा निघतो, तो वर्गीकरण बदलून थांबत नाही.

डॉक्टर राउंडला येतात आणि जातात. समुपदेशक पाऊण तास बसतात, तोही ठरवून. पाळीभर त्याच माणसासोबत राहायचं काम आमचं. गोळ्या द्यायच्या, फोनची वेळ संपली म्हणून फोन परत घ्यायचा, बाथरूमचं दार किती वेळ बंद आहे याकडे लक्ष ठेवायचं, जखम झाली तर ड्रेसिंग करायचं, आणि 'नाही' म्हणायचं. दिवसातले बहुतेक नकार पेशंटला नर्सच्या तोंडून ऐकायला मिळतात. नकार म्हणजे आपल्याला टाकून दिलं, असंच ज्याला लहानपणापासून कळत आलंय, त्याच्यासाठी ते नकार किती मोठे होतात हे आम्ही रोज पाहतो.

कुठल्याही वॉर्डात घडेल असा एक प्रसंग घ्या. पेशंट एका सिस्टरला सांगते, "या सगळ्यांत फक्त तुम्हीच मला माणूस समजता." सिस्टरला बरं वाटतं, का वाटू नये? ती रात्री साडेनऊ वाजता दहा मिनिटं जास्तीचा फोन देते. दुसऱ्या रात्री ड्युटी वेगळ्या सिस्टरची. ती नियमाप्रमाणे नऊला फोन घेते. पेशंट आकांत करते, हातावर इजा करून घेते. सकाळी पहिली सिस्टर विचारते, दहा मिनिटांनी काय बिघडलं असतं? दुसरी म्हणते, तुम्हीच लाडावून ठेवलंय. तिसरी गप्प बसते, कारण तिला दोघींबरोबर ड्युट्या करायच्या असतात. दुपारपर्यंत डॉक्टरही एका बाजूला गेलेले असतात. यात खलनायक कुणीच नाही. पेशंटच्या मनात माणसांचे दोनच कप्पे आहेत, पूर्ण चांगले आणि पूर्ण वाईट. आणि आता ते दोन्ही कप्पे वॉर्डात ड्युटीवर आहेत.

लंडनच्या केसल रुग्णालयात टॉम मेन या मनोविकारतज्ज्ञाने नर्सांबरोबर बसून हेच तपासलं होतं आणि १९५७ साली लिहून ठेवलं होतं. सुरुवात झाली झोपेच्या औषधांपासून. पेशंटला ते औषध नक्की कधी दिलं जातं, असा प्रश्न होता. नर्स मोकळेपणाने बोलू लागल्यावर कळलं ते असं: औषध दिलं जायचं ते नर्सची सहनशक्ती संपायची तेव्हा. तिची चीड, अपराधीपणा, हतबलता हाताबाहेर जायची त्या क्षणी पेशंटला औषधाची 'गरज' भासायची. काही ठरावीक पेशंटभोवती कर्मचाऱ्यांचे दोन तट पडतात, एक म्हणतो याला खास समजून घ्यायला हवं आणि दुसरा म्हणतो हे लाड आहेत, हेही त्याने तिथेच नोंदवलं. माझ्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. नर्स हे बोलू शकल्या, कारण त्यांना बोलायला जागा आणि वेळ दिलेला होता, आणि बोलल्याबद्दल कुणाला शिक्षा झाली नाही. सहा दशकं उलटली. आमच्या चार्टवर अजून ती जागा नाही.

जागा नसते तेव्हा काय होतं, ते सांगते.

काही जण कोरडे पडतात. उत्तरं एका शब्दात येऊ लागतात. बेल वाजली की आधी दुसऱ्या खाटेकडे पाय वळतात. ड्रेसिंग एकही शब्द न बोलता होतं, हात थोडा जास्त जोरात चालतो. नोंदीत 'लक्ष वेधण्यासाठी' असं लिहिलं जातं आणि त्यापुढे काही लिहायची गरज वाटत नाही. पेशंटला हे सगळं अचूक कळतं. आपण नकोसे आहोत, याचा आणखी एक पुरावा त्याला मिळतो आणि तो पुन्हा तेच करतो ज्यामुळे तो नकोसा झाला होता.

काही जण नेमके उलट जातात. ड्युटी संपल्यावर थांबतात, स्वतःचा मोबाइल नंबर देतात, इतरांपासून लपवायच्या गोष्टी पोटात ठेवून घेतात. "मी नसेन तर ती काहीतरी करून घेईल" या विचाराने रजा घेत नाहीत. वरवर ही जास्त मायाळू नर्स वाटते आणि तुमच्याकडून तिचं कौतुकही होतं. पुढे जेव्हा मर्यादा ओलांडल्याची चौकशी लागते, तेव्हा सगळे म्हणतात, ही असं करेल असं वाटलं नव्हतं. कोरडी पडलेली आणि वाहून गेलेली, दोघी एकाच दुखण्याच्या आहेत. माझ्या पाहण्यात दोघीही सुरुवातीला चांगल्या नर्स होत्या.

आणि घरी? याबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून जरा थांबून लिहिते. पहिली गोष्ट बदलते ती रडण्याबद्दलचा विश्वास. दिवसभर ज्या अश्रूंमागे काय आहे याचा अंदाज घ्यावा लागतो, तो अंदाज घेणं घरी आल्यावर बंद करता येत नाही. मुलगा परीक्षेवरून रडतो आणि मनात येतं, याला नक्की काय हवंय? नवरा म्हणतो, आज तू नसशील तर मला करमणार नाही, आणि ते प्रेमाचं वाक्य अंगावर काटा आणतं, कारण तसंच वाक्य वॉर्डात धमकी म्हणून ऐकलेलं असतं. मैत्रिणीने दोनदा फोन केला तर तो चिकटपणा वाटू लागतो. माणूस आपल्याला वापरून घेतोय, हा संशय हळूहळू सगळ्यांवर पसरतो. ड्युटीच्या आदल्या रात्री पोटात गोळा येतो. उद्या ती पेशंट कुणाच्या वाट्याला आहे हे पाहायला चार्टचा फोटो मागवला जातो. आणि ज्या दिवशी ती पेशंट दुसऱ्या वॉर्डात हलवली जाते, त्या दिवशी सुटल्यासारखं वाटतं, आणि सुटल्यासारखं वाटल्याची लाज वाटते. ही लाज कुणाला सांगायची? घरच्यांना पेशंटबद्दल सांगता येत नाही, ते बरोबरच आहे. सहकारिणीला सांगावं तर ती एका तटात आणि आपण दुसऱ्या.

सतत निगराणीची ड्युटी हा वेगळाच भाग आहे. हाताच्या अंतरावर बसून तासन् तास एका माणसावरची नजर ढळू द्यायची नाही. त्याला ती नजर नकोशी असते आणि ती हटली तर तो घाबरतो. नर्सच्या मनात त्या वेळी पेशंटच्या जिवाची काळजी असते, आणि तितकीच मोठी दुसरी भीती असते: काही झालं तर चौकशीत पहिला प्रश्न 'तुम्ही कुठे होतात?' हा येणार. भीती आणि राग एकत्र आले की माणूस मऊ राहत नाही.

हे सगळं बॉर्डरलाइनपुरतं नाही. समाजविघातक प्रवृत्तीचा पेशंट तुमची गाडी कुठे उभी असते हे सहज बोलता बोलता सांगून जातो. संशयी व्यक्तिमत्त्वाचा पेशंट प्रत्येक वाक्याची लेखी तक्रार करतो. आत्मकेंद्री पेशंट नर्सकडे नोकर म्हणून बघतो आणि डॉक्टर आले की विनयशील होतो. प्रत्येकाचा मार निराळ्या जागी बसतो. पण बसतो त्याच माणसांना.

१९८३ साली आर्ली हॉक्शील्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी विमानातल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून 'भावनिक श्रम' ही कल्पना मांडली: पगाराच्या बदल्यात चेहऱ्यावरचीच नव्हे तर मनातलीही भावना कामाला हवी तशी घडवायची. विमानातला प्रवासी काही तासांत उतरून जातो. आमचा पेशंट सहा आठवडे राहतो, जातो आणि परत येतो.

त्या परत येण्याबद्दल एक गोष्ट तुमच्या हातात आहे, आणि तिला पैसे लागत नाहीत. क्रिस्टिना मॅस्लाक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८१ मध्ये कामाने माणूस जळून जाण्याच्या मापनाची जी पद्धत दिली, तिच्यात तीन गोष्टी आहेत: भावनिक थकवा, समोरच्याला माणूस म्हणून पाहणं थांबणं, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. व्यक्तिमत्त्व विकाराच्या वॉर्डात तिसरी फार लवकर येते, कारण बरे झालेले पेशंट आम्हाला दिसतच नाहीत. जे बरे होतात ते परत येत नाहीत; परत येतात ते न बरे झालेले. कोहेन आणि कोहेन या संशोधकांनी १९८४ मध्ये याला 'उपचारकाचा भ्रम' म्हटलं होतं. खरी परिस्थिती काय आहे? बॉस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात मेरी झानारिनी यांनी बॉर्डरलाइनच्या २९० पेशंटचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. दहा वर्षांत त्यांतल्या ९३ टक्के पेशंटची लक्षणं किमान सलग दोन वर्षं तरी ओसरलेली होती. नोकरी आणि नातेसंबंधांसकट पूर्ण सावरलेले सुमारे निम्मे होते. म्हणजे चित्र गुलाबी नाही. पण वॉर्डात जे गृहीत धरलं जातं, की 'हे असेच राहणार', ते सरळ चूक आहे. ही माहिती नर्सिंगच्या अभ्यासात एखाद्या ओळीत असेल, नसेल. बाह्यरुग्ण विभागाने दर तिमाहीला, पेशंटच्या संमतीने, वॉर्डाला एवढं जरी कळवलं की अमुक जण सहा महिने इजेशिवाय आहे, कामावर जातो, तरी आमचं डोकं बरंच ताळ्यावर राहील.

आता तुमच्याकडून जे उपाय होतात त्यांच्याविषयी. वर्षातून एकदा ताणतणाव व्यवस्थापनाचं व्याख्यान होतं. वक्ते चांगले असतात. दीर्घ श्वास घ्यायला सांगतात. त्या दिवशी ज्यांची रात्रपाळी आहे त्या झोप मोडून हजर राहतात, कारण सही लागते. दुसरा उपाय म्हणजे सल्ला: मनावर घेऊ नका. पण मनावर घेणं हे या कामाचं अवजार आहे. पेशंटजवळ बसल्यावर मला जी हतबलता वाटते ती बऱ्याचदा त्याचीच असते, शब्दांत न मावलेली. ती मी मनावर घेतलीच नाही तर मला पेशंट कळणार कसा? डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश मनोविश्लेषकांनी १९४९ मध्ये छापलेल्या निबंधात हे स्पष्ट मांडलं होतं: उपचार करणाऱ्याच्या मनात पेशंटबद्दल द्वेष आणि भीती येणारच, ती आली आहे हे त्याला जितकं नीट माहीत असेल तितकी त्याची कृती त्यांच्यावर बेतलेली नसेल.

तिसरा उपाय कुणी मुद्दाम करत नाही, तो आपोआप होतो. इझाबेल मेन्झीस यांनी १९६० मध्ये लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या नर्सिंग व्यवस्थेचा अभ्यास छापला. त्यात दिसलं, की यादीप्रमाणे कामं, पेशंटपेक्षा कामानुसार वाटणी, सतत बदल्या, प्रत्येक निर्णयावर वरची सही, ही सगळी रचना नर्सला पेशंटच्या जवळ येण्याच्या चिंतेपासून वाचवायला उभी राहिलेली असते. आणि ती चिंता काही कमी होत नाही, उलट नर्सच्या कामातलं समाधान मात्र जातं. आमच्याकडे प्रत्येक घटनेनंतर एक नवा फॉर्म येतो तेव्हा मला हा अभ्यास आठवतो.

म्हणून तो एक तास. तो कसा असावा आणि कसा नसावा, हे नीट सांगायला हवं, कारण नावापुरता घेतला तर त्याने नुकसानच होईल.

तो तास घेणारी व्यक्ती तुमच्यापैकी कुणी नसावी. गोपनीय अहवाल लिहिणाऱ्या मेट्रनसमोर कुठली सिस्टर म्हणेल, की मला त्या पेशंटचा तिरस्कार वाटतो? आपल्याकडे सुपरव्हिजन म्हटलं की चादरी, रजिस्टर आणि गणवेशाची तपासणी डोळ्यांसमोर येते. ती तपासणी जरूर करा, ती वेगळी. हा तास चालवायला मानसोपचाराचं प्रशिक्षण असलेली, शक्यतो दुसऱ्या विभागातली किंवा बाहेरची व्यक्ती हवी. वेळ ठरलेली, वार ठरलेला, ड्युटीच्या तासांत धरलेला. पेशंट शांत असतील तर घेऊ, असं नाही. पेशंट शांत नसतील त्याच आठवड्यात तो सगळ्यात जास्त लागतो. त्या तासापुरतं वॉर्ड सांभाळायला शेजारच्या वॉर्डातून माणसं द्यावी लागतील. अटेंडंट आणि मावश्यांनाही बोलवा. पेशंट त्यांच्याशी जे बोलतो ते आम्हालाही सांगत नाही, आणि शिव्या त्यांना आमच्याहून जास्त खाव्या लागतात. वॉर्डाचे डॉक्टर येणार असतील तर एक सदस्य म्हणून यावं, राउंड घ्यायला नको.

त्या तासात काय होतं? मघाच्या फोनच्या प्रसंगात दोन्ही सिस्टर एका खोलीत बसतात. पहिली सांगते, तिने मला निवडलं याचं मला बरं वाटलं. दुसरी सांगते, वाईट व्हायची पाळी नेहमी माझ्यावर येते. कुणाचं चुकलं हा प्रश्न बाजूला पडतो आणि पेशंटने आपल्याला वाटून घेतलंय हे दिसायला लागतं. मग फोनची वेळ काय, ती कुणी सांगायची, कोणत्या शब्दांत, हे सगळ्यांचं मिळून ठरतं आणि पेशंटलाही एकच उत्तर मिळतं. हे नर्सवर मानसोपचार करणं नाही आणि गप्पाही नाहीत. पेशंटच्या उपचाराचाच तो भाग आहे. मार्शा लाइनहॅन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी बॉर्डरलाइनसाठी जी डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, म्हणजे भावना आवरायची कौशल्यं शिकवणारी उपचारपद्धती, उभी केली, तिच्यात उपचार करणाऱ्यांची साप्ताहिक सल्लाबैठक हा उपचाराचा अविभाज्य घटक आहे. बैठक नसेल तर ती थेरपी पूर्ण मानलीच जात नाही. आणि या लाइनहॅन बाईंनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं, की तरुणपणी त्या स्वतः मनोरुग्णालयात दाखल होत्या आणि स्वतःला इजा करून घ्यायच्या. म्हणजे खाटेवर असणं काय आणि खाटेशेजारी बसणं काय, दोन्ही माहीत असलेल्या व्यक्तीने ही बैठक आवश्यक ठरवली.

हे पत्र कुणी पेशंट वाचत असेल तर त्यांना एवढंच: ही तुमच्याविरुद्धची तक्रार नाही. आमच्या रागाची निचरा होण्याची जागा आत्ता तुम्ही आहात. ती बदलावी यासाठी हे लिहिते आहे.

एक सावधगिरी. मोठी घटना घडल्यावर लगेच सगळ्यांना गोळा करून जे झालं ते एकदाच सविस्तर सांगायला लावण्याची पद्धत काही ठिकाणी सुरू झाली आहे. हेतू चांगला आहे. पण अशा एकाच बैठकीने नंतरचा मानसिक आघात टळतो असं संशोधनात दिसलेलं नाही. काहींना त्याने त्रास वाढल्याचंही आढळलं आहे. त्यामुळे सक्ती करू नका. त्या वेळी नर्सला हवं असतं ते साधं असतं: तिला फ्लोअरवरून थोडा वेळ मोकळं करणं, घरी जायला सोबत, दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारणं, आणि चौकशीचं पत्र त्याच संध्याकाळी हातात न पडणं.

पूर्ण वॉर्डाचं वातावरण बदलता येतं याचा पुरावाही आहे. इंग्लंडमध्ये लेन बोवर्स यांच्या गटाने 'सेफवॉर्ड्स' नावाची पद्धत १५ रुग्णालयांतल्या ३१ वॉर्डांत तपासली आणि २०१५ मध्ये निष्कर्ष छापले. संघर्षाच्या घटना १५ टक्क्यांनी आणि धरून रोखणं, जबरदस्तीने औषध, एकांतात ठेवणं असे प्रकार २६ टक्क्यांनी कमी झाले. त्यातले उपाय बघितले तर हसू येईल इतके छोटे आहेत. हँडओव्हरमध्ये प्रत्येक पेशंटबद्दल एक तरी चांगली गोष्ट सांगायची. घरी जाणाऱ्या पेशंटने मागे राहणाऱ्यांसाठी दोन ओळी लिहून भिंतीवर लावायच्या. वाईट बातमी कळणार असेल तर आधीच ओळखून पेशंटजवळ थांबायचं. याच बोवर्स यांनी त्याआधी इंग्लंडच्या तीन कडेकोट सुरक्षेच्या मनोरुग्णालयांत, म्हणजे जिथे सगळ्यात अवघड व्यक्तिमत्त्व विकाराचे पेशंट असतात तिथे, नर्सांचा अभ्यास केला होता. तिथेही काही नर्स या पेशंटबद्दल आस्था टिकवून होत्या. त्या काही संत नव्हत्या. पेशंट असा का वागतो याची त्यांना समज होती, सहकाऱ्यांशी त्या मोकळेपणी बोलू शकत होत्या आणि वरिष्ठ आपल्या मागे आहेत याची त्यांना खात्री होती. यातली पहिली गोष्ट आम्ही शिकून घेऊ. उरलेल्या दोन तुमच्याशिवाय होत नाहीत.

तुमचं उत्तर मला ठाऊक आहे: माणसं कुठे आहेत? खरंच कमी आहेत. पण या वॉर्डातून बदली मागणाऱ्यांचे अर्ज तुमच्याच टेबलावर येतात, लांबलेल्या आजारी रजाही तुम्हीच मंजूर करता. अनुभवी नर्स निघून जाते आणि तिच्या जागी अशी मुलगी येते जिला पहिल्याच आठवड्यात या पेशंटसमोर एकटं बसवावं लागतं. दुसरं उत्तर असेल, की एका वॉर्डाला दिलं तर अतिदक्षता आणि कर्करोग विभागही मागतील. मागू देत. त्यांची कारणं ते सांगतील.

सगळीकडे एकदम सुरू करा असं मी म्हणत नाही. एक वॉर्ड निवडा आणि सहा महिने तो तास एकदाही रद्द न करता चालवा. मग चार गोष्टी आधीच्या सहा महिन्यांशी ताडून बघा: पेशंटने स्वतःला केलेल्या इजा, बांधून ठेवण्याचे आणि जबरदस्तीच्या औषधाचे प्रसंग, कर्मचाऱ्यांच्या आजारी रजा आणि बदलीचे अर्ज. त्यासाठी नवा फॉर्म काढावा लागणार नाही. या चारही गोष्टींच्या नोंदी तुमच्या कचेरीत आधीपासून आहेत.

आपली,
मनोविकार वॉर्डातली एक परिचारिका